इगाचं निंजा म्युझियम: तुम्ही पुन्हापुन्हा विचारता ते सगळे प्रश्न, एकाच ठिकाणी

मी जपानात राहतो हे कळलं की लोकांचा पहिला मेसेज फुजी पर्वताबद्दल असतो आणि दुसरा हमखास निंजाबद्दल, त्यातही सुट्ट्या जवळ आल्या की मुलांचे आईवडील एकामागून एक तेच तेच विचारतात, म्हणून म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू. पुढच्या वेळी कोणी विचारलं की मी नुसती लिंक पाठवणार आहे, राग मानू नका. सोपे प्रश्न आधी, तिरपे नंतर. एकाच गोष्टीबद्दल दोन ठिकाणी लिहायला लागू नये म्हणून मधे मधे 'अमुक प्रश्न बघा' असं टाकलंय.

1. मुळात हे निंजा म्युझियम आहे कुठे? टोकियोत का?

नाही. मी ज्याबद्दल लिहितोय ते 'इगा-र्‍यू निंजा म्युझियम', म्हणजे इगा घराण्याच्या निंजांचं म्युझियम, आणि ते मिए प्रीफेक्चरमधल्या, म्हणजे मिए प्रांतातल्या, इगा नावाच्या छोट्या शहरात आहे. नकाशात ओसाका आणि नागोया शोधा, त्यांच्या मधोमध डोंगरांनी वेढलेली एक वाटी दिसेल, ती इगा. हे डोंगर उगाच सांगत नाहीये, निंजा इथेच का तयार झाले त्याचं अर्धं उत्तर त्या डोंगरांत आहे (प्रश्न 8 बघा). म्युझियम 1964 साली सुरू झालं, म्हणजे चांगलंच जुनं आहे, आणि दिसतंही तसंच. चकाचक स्क्रीन, थ्रीडी वगैरे डोक्यात घेऊन जाऊ नका.

2. गुगलवर 'उएनो पार्क' दाखवतंय, ते तर टोकियोत आहे! बरोबर पत्ता कुठला?

हा घोळ इतक्या जणांचा होतो की याला स्वतंत्र प्रश्न द्यावाच लागला. इगा शहराच्या जुन्या भागाचं नाव पण उएनोच, तिथल्या किल्ल्याच्या टेकडीवर जी बाग आहे तिचंही नाव उएनो पार्क, आणि म्युझियम त्या बागेत. टोकियोतलं उएनो पार्क वर्षानुवर्षं पांडांसाठी ओळखलं जायचं, निंजांसाठी नाही. एका मित्राचे सासू-सासरे खरोखर टोकियोच्या उएनोला उतरून तासभर निंजा शोधत होते, शेवटी प्राणिसंग्रहालय बघून आले आणि म्हणे फार छान होतं.

त्यात अजून एक फाटा आहे. 'इगा-उएनो' आणि 'उएनोशी' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, गाडी इगा-उएनोला सोडते, ते गावाबाहेर आहे. तिथून छोटी इगा रेल्वे पकडून सातआठ मिनिटांवर उएनोशी, आणि तिथून चालत पाचदहा मिनिटं. उएनोशी स्टेशनला 2019 पासून 'निंजा-शी' म्हणजे निंजा शहर असं टोपणनाव दिलंय, त्यामुळे बोर्डावर ते दिसलं तर दचकू नका, बरोबर उतरलायत.

3. ओसाका, क्योतो किंवा नागोयाहून कसं जायचं?

ओसाकाहून मला सगळ्यात सरळ वाटतो तो किनतेत्सु रेल्वेचा रस्ता. ओसाका-उएहोनमाचीहून इगा-काम्बेपर्यंत जायचं, तिथे इगा रेल्वेत बसायचं, अर्ध्या तासात उएनोशी. जेआरनेच जायचं असेल तर आधी कामो, कामोला गाडी बदलून इगा-उएनो, तिथे परत बदलून उएनोशी. क्योतोहून पण कामोमार्गे जाता येतं, नाहीतर कुसात्सु आणि त्सुगे असं वरून वळसा घालून. नागोयाहून थेट हायवे बस आहे, साधारण दीड तास. ओसाका किंवा क्योतोहून दारापासून दारापर्यंत दोन तास धरून चला.

एक गोष्ट आधीच सांगतो. कामो ते कामेयामा या पट्ट्यात विजेच्या तारा नाहीत, एकदोन डब्यांची डिझेल गाडी चालते, आणि ती तासाला एकच असते. म्हणजे आपल्याला जपानमध्ये सवय लागते ना की एक गेली तर पाच मिनिटांत दुसरी, ते इथे विसरायचं. पहिल्या खेपेला मी कॉफी घ्यायला थांबलो, गाडी डोळ्यांदेखत गेली आणि पुढचा तास मी प्लॅटफॉर्मवरच्या कोळ्याचं जाळं बघत बसलो. प्रवास मात्र सुंदर आहे, भातशेती, नदी, बोगदे, कोकण रेल्वेची धाकटी बहीण म्हणा.

4. जेआर पास (पर्यटकांचा रेल्वे पास) चालेल का?

जेआरच्या गाडीला हो. किनतेत्सु आणि इगा रेल्वे या दोन्ही जेआरच्या नाहीत, तिथे नाही. इगा रेल्वेसाठी सुटे येन खिशात ठेवा. बाकी या रेल्वेच्या डब्यांवर पुढच्या बाजूला दोन मोठ्ठे निंजा डोळे रंगवलेत, डिझाइन प्रसिद्ध जपानी कॉमिक्सकार लेजी मात्सुमोतोंचं आहे, आणि गाडी स्टेशनात शिरताना मुलं जे किंचाळतात ते बघून तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

5. तिकीट, वेळ, किती तास लागतात?

सकाळी 10 ला उघडतं आणि दुपारी चारच्या आसपास बंद होतं, शेवटची एन्ट्री त्याच्या आधी. म्हणजे 'सकाळी नारा करू आणि संध्याकाळी निंजा बघू' असला प्लॅन करू नका, बंद दाराशी फोटो काढून परत याल. एन्ट्रीचं तिकीट वेगळं, शोचं वेगळं, शुरिकेन, म्हणजे निंजांच्या धातूच्या चकत्या, फेकायचे पैसे वेगळे. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे इथे आकडा लिहून मी शिव्या खाणार नाही, निघायच्या आधी त्यांच्या साइटवर बघा. शो रोज नसतो, त्याचं कॅलेंडरही तिथेच मिळेल.

नुसतं म्युझियम दीड तासात होतं. शो धरला तर अडीच. बाजूचा किल्ला आणि गावातलं जेवण धरलं तर दिवस.

6. आत नक्की बघायला काय आहे?

तीन भाग समजा. पहिलं निंजा घर, मग शस्त्रं-अवजारांचा हॉल, मग त्यांच्या विद्येबद्दलची माहिती.

खरी गंमत घरात आहे. बाहेरून बघाल तर गवताने शाकारलेलं साधं शेतकर्‍याचं घर, आपल्या कोकणातल्या किंवा मावळातल्या जुन्या घरासारखंच, कोणी वळून पण बघणार नाही. आणि तोच मुद्दा आहे. हे घर इगातल्याच ताकायामा गावातून उचलून इथे आणून परत उभं केलंय. आत गुलाबी नाहीतर जांभळ्या पोशाखातली बाई, म्हणजे कुनोइची, स्त्री निंजा, एकेक चीज करून दाखवते. भिंतीला खांदा लावते आणि भिंत मधल्या खुंटावर गर्रकन फिरते, ती गायब, भिंत परत होती तशी. याला दोनदेनगाएशी म्हणतात. सिनेमात हजारदा बघितलंय, तरी तीन फुटांवरून बघताना पोटात गोळा येतोच.

मला सगळ्यात जास्त आवडते ती मात्र जमिनीतली फळी. ओसरीच्या कडेच्या फळीचं एक टोक ती पायाने दाबते, दुसरं टोक टपकन वर येतं, आणि त्याच झोकात तिच्या हातात तलवार. डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर झालेलं असतं. तिने परत हळू करून दाखवलं तेव्हा कळलं की फळीला कुठे खिळा नाही, कडी नाही, बिजागरी नाही, नुसती तोललेली फळी आहे. एवढंच. कागदपत्रं लपवायची जागा, कपाटाचे खण वाटतील असा छुपा जिना, बाहेरच्याला न दिसता टेहळणी करायची फट, असं बरंच काही आहे, सगळं लिहून तुमची मजा घालवत नाही.

घरातले प्रकार तिथली माणसं करून दाखवतात, आपण भिंतीला ढकलून बघायचं नाही. स्वतः हात लावायचा असेल तर प्रश्न 20 बघा.

मग खालच्या हॉलमध्ये अवजारं. इथे लोक पाच मिनिटांत फोटो काढून पळतात आणि तिथेच चुकतात. नीट बघा, कोयता आहे, करवत आहे, कुदळीसारखी कुनाई आहे, दोरीला लावलेला आकडा आहे. कुसारिगामा म्हणजे तर सरळ आपला विळा, त्याला साखळी जोडलेली. कोणी झडती घेतली तर हा शेतावर चाललाय असंच वाटावं. माझ्या आजोबांच्या पडवीत हे सगळं सामान टांगलेलं होतं, साखळी सोडून.

7. निंजा शो बघावा का? पैसे वाया नाही ना जाणार?

बघा. 'आशुरा' नावाचा ग्रुप करतो. दोर्‍या, तलवारी, साखळ्या, आणि शस्त्रं खरी असतात, प्लास्टिकची नाहीत. बोलणं जपानीत पण विनोद इतके अंगाने करतात की भाषा अडत नाही. पुढच्या रांगेत बसलात तर तुम्हाला स्टेजवर बोलावू शकतात, लाजाळू माणसांनी मागे बसावं.

8. निंजा म्हणजे नक्की कोण? सामुराईचे शत्रू का? की कराटेवाले?

दोन्ही नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण हे डोक्यात असलं तर म्युझियम तिप्पट आवडतं.

त्या काळी त्यांना निंजा कोणी म्हणत नव्हतं, 'शिनोबी' म्हणायचे. निंजा हा शब्द रुळला तो विसाव्या शतकात. शिनोबीचं जे अक्षर आहे त्यात वर धार म्हणजे पातं आणि खाली काळीज असं चिन्ह आहे, आणि अर्थ होतो सोसणं, लपून राहणं. कामं काय, तर हेरगिरी, आत शिरून खबर काढणं, आग लावणं, अफवा उठवणं, आणि खबर घेऊन जिवंत परत येणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, मेलेल्या हेराचा मालकाला काय उपयोग. त्यामुळे लढाई म्हणजे यांच्या हिशोबात फसलेलं काम.

इगात मोठा सरंजामदार नव्हता. डोंगरांनी वेढलेल्या त्या वाटीत छोटी छोटी जमीनदार घराणी, अर्धे शेतकरी अर्धे लढवय्ये, आपापसात भांडायची आणि बाहेरचा आला की एक व्हायची. शेजारच्या डोंगरापलीकडे कोका, तिथेही तसंच. ही माणसं आजूबाजूच्या सरदारांना हेरगिरीची कामं करून द्यायची. 1579 साली ओदा नोबुनागाच्या, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात बलाढ्य सरदाराच्या, मुलाने, नोबुकात्सुने, बापाला न विचारता इगावर स्वारी केली आणि सपाटून मार खाऊन परत गेला. बाप भडकला. 1581 मध्ये नोबुनागाने चारी बाजूंनी चाळीस हजारांच्या वर फौज घातली आणि इगा जाळून टाकलं. पण पुढच्याच वर्षी, 1582 ला, नोबुनागा स्वतः क्योतोत दगाबाजीत मेला, आणि त्याचा दोस्त तोकुगावा इएयासु ओसाकाजवळ मोजक्या माणसांनिशी अडकला. त्याला इगाच्या डोंगरांतून सुखरूप घरी पोचवलं ते याच उरल्यासुरल्या इगा आणि कोकाच्या माणसांनी. पुढे इएयासु अख्ख्या जपानचा शोगुन, म्हणजे खरा सत्ताधीश, झाला आणि या लोकांना एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, किल्ल्याच्या पहार्‍याच्या नोकर्‍या मिळाल्या. हेराचा शेवट सरकारी वॉचमन म्हणून व्हावा, असो.

9. ते काळे कपडे घालायचे ना?

काळा पोशाख आपल्याला नाटकांनी आणि नंतर सिनेमांनी दिला. जपानी रंगभूमीवर सामान हलवणारे लोक काळे कपडे घालतात, प्रेक्षकांनी ते 'दिसत नाहीत' असं समजायचं असतं, आणि निंजाचं चित्र तिथून आलं असं मानतात. खरा शिनोबी रात्री गडद निळे नाहीतर मातकट रंगाचे, म्हणजे शेतकर्‍याचेच, कपडे घालायचा. दिवसा तर वेषांतर. सात ठरलेली सोंगं होती, त्यांना शिचिहोदे म्हणतात. टोपलीसारखी टोपी घालून बासरी वाजवणारा साधू, भिक्षू, डोंगरातला तपस्वी, व्यापारी, डोंबारी-जादूगार, नाच-नाटकवाला, आणि साधा माणूस. साधू म्हणून गेलास तर मंत्र पाठ हवेत, व्यापारी म्हणून गेलास तर भाव माहीत हवेत. विचार करा, भर बाजारात पूर्ण काळे कपडे आणि तोंडाला फडकं बांधून कोणी फिरला तर हेर म्हणून पहिला तोच धरला जाईल.

10. लाकडी चकत्या घालून पाण्यावर चालायचे हे खरं का?

त्याला मिझुगुमो म्हणतात, पाण्यातला कोळी. म्युझियममध्ये आहे. दोनेक फूट व्यासाचं लाकडी कडं, मधे पाय ठेवायला फळी. आता साधं शाळेतलं आर्किमिडीज आठवा. साठ किलोचा माणूस तरंगायचा तर साठ लिटर पाणी बाजूला सारायला हवं, ती चकती दोनचार लिटर सारत असेल. उभं राहिलात की बुडलात. मग बहुतेक असं असावं की त्यावर बसून ट्यूबसारखं तरंगत जायचं, किंवा खंदकातल्या चिखलात पाय रुतू नये म्हणून वापरायचं. भाताच्या खाचरात गुडघाभर रुतलेल्या माणसाला दुसरी कल्पना लगेच पटते.

11. रस्त्यात टाकायचे ते काटे लोखंडाचे असायचे का?

लोखंडाचेही असायचे, पण लोखंड जड आणि महाग. त्यामुळे माकिबिशी म्हणून बहुतेक वेळा वापरायचे ते वाळवलेलं हिशी नावाचं फळ. आणि हे हिशी म्हणजे काय, तर आपल्या शिंगाड्याचा सख्खा भाऊ! तळ्यात येतो तो, टोकदार शिंगांचा. वाळला की दगडासारखा होतो, कसाही टाका एक टोक वर राहतं, आणि गवताच्या चपलेतून सरळ आत जातं. वर शिवाय भूक लागली तर खाता येतो. आपण ज्याचं पीठ मळून उपासाची थालीपिठं लावतो ते हे लोक पाठलाग करणार्‍यांच्या पायाखाली टाकत होते. काचेमागे ते बघितलं आणि मी एकटाच हसत सुटलो, बाजूच्या जपानी आजींना काही कळेना.

12. शुरिकेन फेकायला मिळतं का? मुलांना झेपेल?

मिळतं, वेगळे पैसे भरून ठरावीक चकत्या देतात, समोर लाकडी निशाण. चकत्या खर्‍या धातूच्या असतात, हातात घेतल्यावर वजनाने दचकायला होतं. फ्रिस्बीसारखं आडवं फिरवू नका, सगळे तेच करतात आणि सगळ्यांच्या खाली पडतात. चकती उभी धरायची, कानाशेजारून सरळ समोर सोडायची, मनगट न वळवता. लहान मुलांचं तिथल्या माणसाला विचारा, आणि त्यांना हात आवरायला सांगा. माझ्या दहा वर्षांच्या भाचीची निम्मी निशाणं लागली, माझं एकही नाही, विषय संपला.

13. निंजा हातोडी याच गावचा का?

मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न! हो. कार्टूनमधला हत्तोरी इगा घराण्याचा निंजा आहे आणि त्याचा तो मांजरवाला दुश्मन कोका घराण्याचा, म्हणजे प्रश्न 8 मधली ती दोन शेजारी गावं. पण म्युझियममध्ये कार्टून शोधू नका, ते म्युझियम खर्‍या शिनोबींचं आहे, मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर रडारड. आणि हातोडीच हवी असेल तर ती गावात मिळते, प्रश्न 17 बघा.

14. मग हत्तोरी हांझो खरा होता का?

एकदम खरा. हत्तोरी हांझो मासानारी. फक्त गंमत अशी की त्याचा बाप इगाचा, हा स्वतः जन्मला मिकावात, तोकुगावांच्या मुलखात, आणि होता भालाईत सामुराई, इगाच्या माणसांचा म्होरक्या. 1582 च्या त्या सुटकेत त्याचं नाव येतं. टोकियोत राजवाड्याचं हांझोमोन नावाचं दार आहे आणि त्याच नावाची मेट्रो लाइन, रोज लाखो लोक त्यातून ऑफिसला जातात. त्याची समाधी टोकियोतच योत्सुया भागात साइनेनजी देवळात आहे, इगात शोधू नका.

15. म्हणजे आपले बहिर्जी नाईकच ना?

तुलना सुचतेच, मलाही सुचली. काळही जवळजवळ तोच. इगाच्या फुजिबायाशी घराण्यातल्या माणसाने सगळी शिनोबी विद्या एकत्र करून 'बानसेनशुकाई' नावाचा ग्रंथ लिहिला तो 1676 साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर दोनच वर्षांनी. 1664 ला सुरतेच्या स्वारीआधी बहिर्जींनी शहराची खडान्‌खडा माहिती काढून आणली होती, तेच हे काम. वेषांतर, खुणांची भाषा, सगळं जुळतं. आपल्याकडे करपल्लवी-नेत्रपल्लवी सांगतात, तिकडे रंगवलेले तांदळाचे दाणे. पाच रंगांचे, वाटेत ठरावीक क्रमाने टाकायचे, मागून येणार्‍याने वाचायचे. तांदूळच का? कारण चोची मारणारे पक्षी रंगीत दाणे सहसा खात नाहीत, असं सांगतात.

फरक एवढाच आहे की तिकडे शांततेचा काळ आला, लढाया संपल्या, आता ही विद्या विसरली जाईल या भीतीने कोणीतरी बसून लिहून काढलं. आपल्याकडे लढाई चालूच होती आणि बहिर्जींच्या विद्येचा असा एकही ग्रंथ हाती नाही. बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात, तिथे जाऊन आलात तर इगातलं ते काचेमागचं पुस्तक बघून जरा हळहळ वाटेल, मला वाटली.

16. त्या बोटांच्या मुद्रा, त्या भारतातून गेल्या का?

मूळ वाट तीच. नऊ अक्षरं म्हणत नऊ मुद्रा करायच्या, त्याला कुजी म्हणतात. त्यातले मंत्र चिनी ताओ पंथातले, आणि मुद्रा तांत्रिक बौद्ध धर्मातून आलेल्या, जो भारतातून चीनमार्गे जपानात पोचला. शिनोबी आणि सामुराई ज्या देवीला भजायचे ती मारिशितेन, म्हणजे संस्कृतातली मरीची, प्रकाशाची तिरीप, जी दिसते पण धरता येत नाही. हेराला याहून चांगली देवी कुठली मिळणार. मुद्रा केल्याने माणूस गायब होत नाही, श्वास आणि मन ठिकाणावर आणायला होत्या त्या.

17. खायला काय? आम्ही शाकाहारी आहोत.

जरा कठीण आहे, खोटं सांगत नाही. इगाचं बीफ प्रसिद्ध आहे त्यामुळे बर्‍याच पाट्या त्याच्याच. शाकाहारींसाठी गावची खासियत म्हणजे तोफू देनगाकू, काडीला लावलेला तोफू, वर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, फासून निखार्‍यावर भाजलेला, खमंग लागतो. पण जपानात मिसोत, सुपात, सॉसमध्ये माशाचं दाशी, म्हणजे सार, असू शकतं, कडक पाळणार्‍यांनी आधी विचारावं. आई आली होती तेव्हा तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, किल्ल्यापाशी बाकावर बसून खाल्ली आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त हेवा आमचाच वाटत असणार लोकांना.

घेऊन यायचं ते कातायाकी. गव्हाच्या पिठाचं, गोडसर, आणि इतकं टणक की दाताने फुटतच नाही. पाकिटाबरोबर छोटी लाकडी हातोडी मिळते, खरंच. ती नसेल तर दोन कातायाकी एकमेकांवर आपटायच्या. निंजांची शिदोरी होती असं गावात सांगतात. दात हलत असलेल्या मंडळींनी तोंडात धरून चहात विरघळवावी.

निंजांच्या गोळ्यांबद्दलही विचारता तुम्ही. प्रश्न 15 मधल्या ग्रंथात आहेत. बकव्हीटचं पीठ, गहू, कंद, जिनसेंग असं दळून, दारूत मुरवून, पीचच्या बियेएवढ्या गोळ्या, दिवसाला तीन. आपला डिंकाचा लाडूच, फक्त तूप-गुळाच्या जागी दारू. आणि तहान भागवायला उमेबोशीची, म्हणजे त्यांच्या खारवलेल्या आंबट फळाची गोळी, ज्याने तोंडाला पाणी सुटतं.

18. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना झेपेल का?

म्युझियम छोटं आहे, पण बाग किल्ल्याच्या टेकडीवर, त्यामुळे चढ आणि पायर्‍या आहेत. बूट पटकन काढता येतील असे घाला, मोजे फाटके नकोत, जपानात हे कायमच लक्षात ठेवा. मुलांना निंजाचे कपडे भाड्याने मिळतात, एप्रिलमध्ये निंजा फेस्टा असतो तेव्हा अख्खं गाव त्या कपड्यांत फिरतं.

एक गंभीर सूचना. शेजारच्या उएनो किल्ल्याची दगडी भिंत तोदो ताकातोराने बांधलेली, तीस मीटरच्या आसपास उंच, खाली सरळ खंदक, आणि वरच्या कडेला कठडा नाही. फोटो भारी येतो पण मुलांचा हात सोडू नका.

19. किल्ल्यात जायचं का? आणि ते बाशोचं काय आहे?

किल्ल्याची वरची लाकडी इमारत 1935 ला परत बांधलेली आहे, वेळ असेल तर बघा, नसेल तर भिंत बघा, खरी चीज तीच. बाशोचं मात्र आवर्जून. हायकूचा बाप मात्सुओ बाशो 1644 मध्ये याच इगात जन्मला. शिरीष पैंमुळे ज्यांना मराठीत हायकू भेटली त्यांना हे गाव म्हणजे उगमच की, आणि तरी आपले बरेचसे लोक निंजा बघून पाठ फिरवतात. त्याच बागेत त्याच्या प्रवासी वेषासारखी, म्हणजे टोपी घातलेल्या माणसासारखी बांधलेली हाइसेइदेन नावाची इमारत आहे. बाशो इगाचा, पायी अफाट फिरायचा, म्हणून तो पण गुप्त हेर होता अशी एक आवडती अफवा आहे. पुरावा नाही.

20. इगा, कोका की टोकियो-क्योतोतली निंजा सेंटरं, कुठे जाऊ?

टोकियो आणि क्योतोत जी आहेत ती अनुभव देणारी ठिकाणं, कपडे घाला, फेका, फोटो काढा, गाइड इंग्रजी बोलतो, तासात मोकळे. वेळ नसेल आणि मुलं छोटी असतील तर बिनधास्त तिथे जा, मी नाक मुरडणार नाही. इतिहास आणि खरं गाव बघायचं तर इगा. कोकाला, शिगा प्रीफेक्चरमध्ये, मोचिझुकी घराण्याचं खरं जुनं निंजा घर आहे, सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचं, आणि ते आहे त्याच जागी उभं आहे, हलवलेलं नाही. तिथे दारं-फळ्या स्वतः करून बघता येतात. कोनान स्टेशन लागतं, कुसात्सु लाइनवर, म्हणजे प्रश्न 3 मधल्या वरच्या वळशाने गेलात तर कोका आणि इगा दोन्ही एका दिवसात बसवता येतं, पण पहाटे निघायची तयारी हवी.

21. शुरिकेन विकत घेऊन भारतात आणता येईल?

धातूचं धारदार काहीही केबिन बॅगेत चालणार नाही. चेक-इनमध्ये टाकलंत तरी आपल्याकडच्या कस्टमवाल्या साहेबांना 'हे शोपीस आहे' हे पटवत उभं राहायची हौस असेल तरच आणा. रबराचं किंवा किचेन घ्या.

22. इगात निंजाची नोकरी मिळते, लाखांत पगार, खरं का? (दर सहा महिन्यांनी हा फॉरवर्ड येतो)

खोटं. 2018 मध्ये बाहेरच्या मीडियात इगाला निंजांचा तुटवडा आहे अशी बातमी फिरली, चौदा देशांतून शंभरच्या वर लोकांनी चौकशा केल्या, शेवटी इगा शहराला अनेक भाषांत जाहीर करावं लागलं की बाबांनो, आम्ही भरती करत नाही आहोत. अभ्यासच करायचा असेल तर मिए विद्यापीठात निंजा या विषयावर एम.ए. पर्यंत शिकता येतं, तिथे खरोखर संशोधन केंद्र आहे, 2017 पासून. जपानी मात्र यायला हवं, आणि जुनी जपानी.

23. म्युझियममध्ये चोरी झाली होती म्हणे?

हे खरंय! ऑगस्ट 2020 मध्ये, मध्यरात्री, चोरांनी ऑफिसचं दार पहारीने उचकटलं आणि दीडशे किलोची तिजोरी, आत दहा लाख येनच्या वर तिकिटाचे पैसे, घेऊन पसार. सगळं तीन मिनिटांत. अलार्म वाजला, पोलिस आले, तोवर कोणी नाही. दोन दारं सोडून फिरणारी भिंत, छुपी फळी, टेहळणीची फट, सगळं जागच्या जागी होतं. गावात हे कोणाला विचारू नका, मी विचारलं होतं, दुकानदार काकांनी एकदम गंभीर चेहरा केला आणि मला कातायाकीचं अजून एक पाकीट विकलं.